न धुतलेला ट्रे

लख्खमावशीच्या घरातल्या कपांवर एके काळी निळी फुलं होती. घासून घासून ती आधी फिकट झाली, मग त्यांचे नुसते देठ उरले, आणि शेवटी कप असे पांढरेफटक झाले की पाहुण्याला वाटावं, मुद्दाम पांढरेच आणले आहेत. तिचा मुलगा म्हणायचा, "माझ्या गालावर लहानपणी तीळ होता म्हणे. आईने आंघोळीत घासून काढला."

सून यावर हसत नसे. आपण घासलेली भांडी सासूबाई परत घासतात, हे लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आलं होतं. आधी ती चिडली, मग रडली, मग शहाणी झाली. भांडी नुसती विसळून ठेवायला लागली. "दोघींनी एकच पातेलं घासायचं म्हणजे पातेल्यावर अन्याय," असं ती नवऱ्याला म्हणाली, तेव्हा तो हसला आणि आईकडे बघून लगेच गप्पही झाला.

'लख्ख' हा मावशीचा शब्द. चमचा असो, खिडकीची काच असो, नाहीतर पोराची मान असो, लख्ख झाल्याशिवाय तिच्या हातातून सुटका नाही. पण हे नाव तिला घरात पडलं नाही. ते पडलं हौदावर.

शहर संपतं तिथे चुनखडीची टेकडी आहे आणि टेकडीच्या पोटात गुहा. गुहेत वर्षानुवर्षं खोदकाम चाललेलं. वरच्या थरात वटवाघळांची घाण, त्याखाली राख, आणि राखेच्या खाली हाडं. अस्वलांची, तरसांची, रानघोड्यांची. ज्या माणसांनी ती जनावरं सोलली, त्यांची दगडी हत्यारंही हाडांच्या मध्येच पडलेली: गारगोटीची पाती, कातडं खरवडायच्या तासण्या, कामाच्या आणि बिनकामाच्या दगडी कपच्या. गुहेतून बाहेर येताना हे सगळं पिवळ्या चिकणमातीत असं लडबडलेलं असायचं की हाड कुठलं आणि दगड कुठला, कळू नये. म्हणून टेकडीखाली ओढ्याकाठी दगडी हौद बांधला होता आणि हौदावर बायका बसवल्या होत्या. हाड पाण्यात बुडवायचं नाही, ओल्या स्पंजाने टिपायचं. दगड मात्र बुडवायचा आणि ब्रशने घासायचा, त्याची धार स्वच्छ दिसेपर्यंत.

लख्खमावशी लग्न होऊन आली आणि हौदावर बसली. नवरा वर गुहेत खोदणारा, ही खाली धुणारी. "वरून तो घाण पाठवतो, खाली मी निस्तरते. संसार म्हणजे आणखी काय असतं?" असं ती इतर बायकांना सांगायची आणि हौदावर हशा पिकायचा.

त्या काळी गुहेचा कारभार थोरल्या सरांकडे होता. उंच, वाकलेला माणूस. दर शनिवारी सकाळी ते हौदावर येत, खिशातून भिंग काढत आणि धुतलेल्या दगडांचे ट्रे एकेक करून तपासत. कुणाच्या ट्रेमध्ये माती राहिली असेल तर एक शब्दही न बोलता ट्रे तिच्यापुढे उलटा करत. तसं दोनदा झालं की ती बाई सोमवारी दिसत नसे. लख्खमावशीचा ट्रे मात्र ते सगळ्यात शेवटी घेत, जेवणानंतर गोड खावं तसा. एक पातं उजेडाला धरून म्हणत, "हा दगड कुणाच्या हातचा आहे, ते विचारायलाच नको." एकदा परगावाहून येताना त्यांनी तिच्यासाठी डुकराच्या केसांचा ब्रश आणला. मऊ, दाट, लाकडी मुठीचा. बाकीच्या बायका महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. मावशीला त्याचंही सुखच वाटलं.

नवऱ्याबद्दल ती कौतुकाने कधी बोलली नाही. माणूस वाईट नव्हता. अबोल होता, एवढंच. पण त्याच्यावर तिचा एक राग होता आणि तो तिने नीट जपून ठेवला होता.

मुलाच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. नुकती बोलायला लागली होती. ताप आला, उतरला, परत आला आणि मुलगी गेली. तिला पोचवून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मावशीने तिचे सगळे कपडे काढले, झबली, फ्रॉक, लोकरीची टोपी, आणि धुतले. गरम पाण्यात भिजवून, पिळून, वाळवून, घड्या घालून पेटीत ठेवले. दुसरं काय करायचं, ते तिला कळत नव्हतं. नवऱ्याने संध्याकाळी पेटी उघडली. एक फ्रॉक नाकाशी धरला, परत ठेवला आणि म्हणाला, "एक तरी ठेवायचा होतास."

"ठेवलेत की सगळे," ती म्हणाली. "घड्या घालून ठेवलेत."

त्याने पेटीचं झाकण लावलं. तिला वाटलं, असल्या वेळीसुद्धा याला खोड काढायला सुचतं.

खरा राग पुढचा. हंगाम संपत आला होता. घरी बसून भिंती अंगावर यायच्या, म्हणून दोघंही कामावर परत गेली. पहिल्याच दिवशी ती हौदावरून लवकर उठून घरी आली आणि अंथरुणावर पडून राहिली. तो आला दिवेलागण झाल्यावर, नेहमीपेक्षा कितीतरी उशिरा. दारात उभा होता, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत चिंब ओल्या. तिने बाह्यांकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. सोबत्यांबरोबर ओढ्यावर पाणी खेळत बसला असणार. मुलगी जाऊन आठवडा झाला नाही.

"मुलगी गेली आणि यांना पाणी खेळायला सुचलं," हे वाक्य पुढे त्या घरात बरंच चाललं. भांडणात चाललं, भांडण नसतानाही चाललं. सुनेने ते इतक्या वेळा ऐकलं होतं की सासरे कधीच न पाहताही तिला त्यांच्या ओल्या बाह्या दिसायच्या. मावशीच्या नवऱ्याने त्याला कधीच उत्तर दिलं नाही. तो गेला, तोही उत्तर न देताच.

त्यानंतर थोरले सरही गेले. गुहेला लोखंडी दार बसलं, दाराला कुलूप. हौदात पालापाचोळा साठला. मावशी ब्रश घरी घेऊन आली आणि तेव्हापासून कपांवरची फुलं जायला लागली.

म्हणून गुहा पुन्हा उघडणार असं कानावर आलं, तेव्हा मावशीने पायांत पायताणं सरकवली आणि तडक टेकडी गाठली. आता कारभार एका तरुण मॅडमकडे होता. बारीक चणीच्या, आवाज मऊ, गुडघ्यांवर कायम माती. मॅडमनी मावशीचं नाव ऐकलं होतं. त्या उठून उभ्या राहिल्या, खुर्ची दिली.

"हौद कधी साफ करायचा?" मावशीने बसायच्या आतच विचारलं.

मॅडमनी शेजारी उभ्या मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने तंबूच्या छताकडे. "हौद सध्या नको," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही या. चहापाण्याचं तुम्ही बघाल का?"

मावशी चहापाण्याचं बघू लागली. सुनेलाही तिथेच काम मिळालं, वेचणीचं. चाळणीतून आलेली वाळू पांढऱ्या ताटात पसरायची आणि चिमट्याने उंदराचे दात, वटवाघळाची हाडं वेगळी काढायची. दगडी हत्यारं मात्र हौदाकडे येतच नव्हती. हातमोजे घातलेला माणूस ती जमिनीतून उचले आणि मातीसकट पिशवीत घाली. पिशवी बंद, चिठ्ठी लावली, पेटीत गेली. मावशी केटली घेऊन जवळून जाई आणि पिशवीतल्या त्या चिखलाकडे अशी बघे, जसं कुणी शेजारच्या शेंबड्या पोराकडे बघावं.

"हे असंच पाठवतात?" तिने सुनेला विचारलं.

"पाण्याची टंचाई आहे ना, आई," सून म्हणाली.

मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, "वरून हुकूम आहे, मावशी. तुम्हाला हात शिवशिवत असतील तर माझं नशीब घासा. त्याच्यावर लई थर बसलाय."

"तुझं नशीब घासलं तर खाली काहीच निघायचं नाही," मावशी म्हणाली. सगळे हसले, पण तिला उत्तर मिळालं नाही ते नाहीच. खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त तिला नव्हतं. सुनेनेच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, मॅडमनासुद्धा. "त्यांना सांगू नका. त्यांच्याजवळ दुसरं काही नाही."

मावशीला एवढंच हवं होतं, मरायच्या आत एक ट्रे हौदावर घेऊन बसायचं. फक्त एक. केटलीबरोबर ती पिशवीत ब्रशही घेऊन येत असे. असू दे जवळ, कुणाला कधी बुद्धी होईल काय सांगावं.

मग एके दिवशी दुपारी खालच्या खड्ड्यात रानघोड्याच्या बरगड्या लागल्या आणि बरगडीच्या खाली, अगदी तिला टेकून, गारगोटीचं एक लांब पातं. बरगडीवर कापल्याच्या खुणा होत्या. पात्याच्या धारेवर काळपट डाग होता, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. मॅडम गुडघ्यांवर बसल्या आणि तो डाग जवळून पाहिला. मग त्यांनी ते पातं स्वतः उचलून ट्रेमध्ये ठेवलं, वर कोरडं फडकं टाकलं, ट्रे तंबूतल्या टेबलावर आणला आणि सुनेला म्हणाल्या, "इथून हलू नका. मी फोन करून येते." फोन टेकडीच्या माथ्यावरच लागायचा.

त्या वर गेल्या आणि आत गुहेत दिवा विझला. मुकादमाने हाका मारल्या. खड्ड्यात माणसं अंधारात होती. सून वायर धरायला धावली, पळभरासाठी.

मावशी चहा घेऊन आली तेव्हा तंबूत कुणी नव्हतं. तिने फडकं उचललं. संध्याकाळी संग्रहालयाचे पाहुणे येणार, हे तिला माहीत होतं, कारण कप तिलाच काढायचे होते. एवढ्या लोकांपुढे ही पोर असं मळकं पातं ठेवणार? आणि धारेवर तो डाग. दूध करपलं की पातेल्याच्या बुडाशी बसतो ना, तसा चिवट. येरागबाळ्याच्या हातून निघाला नसता. मावशीने टंचाईचा विचार केला, ओढ्याकडे पाहिलं. ओढा दुथडी वाहत होता.

हौदातला पाला तिने हाताने बाजूला केला. बसली. गुडघे दुखले, पण हातांना सगळं आठवत होतं. आधी भिजवायचं, मग गोल गोल, मग धारेच्या दिशेने, धारेवर आडवं कधीच नाही. डाग सुटायला वेळ लागला. सुटला तेव्हा पाण्यात तपकिरी धुराची एक बारीक रेघ गेली आणि विरली.

मॅडम माथ्यावरून धावतच खाली आल्या, चेहरा फुललेला. तंबूच्या दाराशी मावशी उभी होती. तळहातावर पातं, मधाच्या रंगाचं, आरपार उजेड जाणारं.

"घ्या," मावशी म्हणाली. "लख्ख."

मॅडमनी पातं घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, परत उलटं केलं. मग शेजारी पालथं पडलेलं घमेलं होतं, त्यावर त्या बसल्या. सून गुहेतून बाहेर आली होती. तिने तोंडावर हात ठेवला.

"छान झालंय, मावशी," मॅडम म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "काही हरकत नाही."

मावशी केटली उचलून निघाली. पण चालता चालता थांबली. छान झालंय, तर हरकत कशाची?

घरी आल्यावर सून भाजी चिरायला बसली. मावशी समोर येऊन बसली.

"खरं सांग."

"काय खरं? पाण्याची—"

"पाण्याचं नाव काढू नकोस. ती मुलगी घमेल्यावर बसली. बसली ती बसलीच. डोळे पुसायचे तर पुसले असते, तेही केलं नाही. मी काय केलंय?"

सुनेने सुरी खाली ठेवली. आता लपवून उपयोग नव्हता. तिने सांगितलं. दगडाने जे कापलं, त्याचं काहीतरी धारेवर राहतं. रक्त, चरबी, झाडाचा चीक. मातीखाली दबलेलं असलं की टिकतं. आता अशी यंत्रं आहेत की त्यावरून जनावरसुद्धा ओळखतात.

"इतक्या काळानंतर?"

"हो."

"आणि पाण्याने जातं."

"पाण्याने थोडं जातं, आई. ब्रशने..." सुनेने सुरी परत उचलली.

बाहेर मुलाने सायकल लावल्याचा आवाज आला. मावशी हातांकडे बघत होती.

"म्हणजे सगळेच?"

"तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. थोरल्या सरांनाही नव्हतं."

"थोरले सर नुसते बघायचे," मावशी म्हणाली. "धुवायची मी."

मुलगा आत आला, दोघींकडे बघून दारातच उभा राहिला. मावशी उठली, पेटीपाशी गेली. पेटी उघडली नाही, नुसता झाकणावर हात ठेवला. "एक तरी ठेवायचा होता," ती म्हणाली. मुलाला वाटलं, आई दगडांबद्दल बोलते आहे.

दुसऱ्या दिवसापासून तिने भांड्यांना हात लावणं सोडलं. प्यायलेला कप तसाच ठेवू लागली. आता आपणच घासलेली भांडी मांडणीवर जशीच्या तशी राहतात, हे बघून सुनेला आधी बरं वाटलं आणि मग भीती वाटली. "डॉक्टरला दाखवायचं का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"काय सांगायचं डॉक्टरला? आई भांडी घासत नाही?"

"तुम्हाला हसू येतंय. त्यांच्या कपात चहाची कड वाळलीय. मी या घरात आल्यापासून हे बघितलेलं नाही."

कामावर मॅडमनी मावशीला एकदा बाजूला घेतलं. पाहुण्यांनी पातं बघून मान डोलावली होती आणि ते काचेत ठेवायला नेलंही होतं. मॅडमनी जे सांगायचं योजलं होतं ते मात्र सांगता आलं नव्हतं. यातलं काही त्या मावशीला बोलल्या नाहीत. "तुम्ही आहात म्हणून चहा वेळेवर मिळतो," असं काहीतरी म्हणाल्या. मावशी म्हणाली, "चहा कुणीही करतं, पोरी. कशाला उगीच?"

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी सून केस विंचरत असताना मावशी तिच्या मागे येऊन उभी राहिली. डोळ्यांत काहीतरी जागं झालं होतं.

"एक ट्रे मी धुतलेला नाही."

"कुठला ट्रे?"

"मुलगी गेली त्या वर्षीचा. मी कामावर परत गेले तो दिवस. खालच्या खड्ड्यातले दगड होते, ट्रे भरून. मी बसले हौदावर, पण हात चालेना. पाण्यात बघायची तर तिचंच तोंड दिसायचं. तसाच मातीसकट सरकवला ट्रे, फळीखाली, आणि घरी आले. नंतर त्याच्याकडे बघायचा धीरच झाला नाही. शनिवारी सर आले, तेव्हाही मान खाली. मी मनाशी म्हटलं, आता उलटा करतील माझ्यापुढे. केला नाही. बघितला, पुढे गेले. मेलेल्या पोरीच्या आईला काय बोलायचं, म्हणून सोडलं असणार. तो तसाच आत गेलाय. मातीसकट!" तिने सुनेचा दंड धरला. "एवढा एक तरी असेल ना गं?"

ओल्या बाह्यांची गोष्ट सुनेला पाठ होती. ट्रेची ती पहिल्यांदाच ऐकत होती. कामात चुकलेली गोष्ट सासूबाईंनी कुणाला सांगितलीच नसणार.

सुनेने हे मॅडमना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्या कामाला सुट्टी देऊन दोघींना संग्रहालयाच्या तळघरात घेऊन गेल्या. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, कपाटांत खण. वर बारीक खिडक्या, त्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांची फक्त पावलं दिसत. मॅडम एकेका खणावरची चिठ्ठी वाचत पुढे चालल्या. मावशी मागे, हात पाठीशी घट्ट बांधलेले. आपला हात कशाला लागू नये, एवढी काळजी ती घेत होती.

वाटेत एक खण उघडा राहिला होता. आत कापसावर पाती मांडलेली, ओळीने, सगळी झळझळीत. मावशीने ओळखली. मान फिरवली.

"तरसाचा मोठा जबडा मिळाला, तेच वर्ष ना?" मॅडमनी विचारलं.

"तेच. हंगामाचा शेवट. खालचा खड्डा."

मॅडमनी हातमोजे घातले आणि खण ओढला. तो अडला, मग सुटला. तिघी वाकल्या.

दगड स्वच्छ होते.

लख्ख नव्हते. कुठे खाचेत माती राहिली होती, कुठे पाणी नीट न टिपल्याचे ओघळ वाळले होते. पण धुतलेले होते. प्रत्येक दगड, एकूण एक. आणि प्रत्येकावर बारीक करड्या रेघा होत्या, आडव्यातिडव्या, धारेवरसुद्धा. शिसपेन्सिलीने मुलाने रेघोट्या ओढाव्यात तशा.

सुनेने सासूचा हात धरला. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हे कुणीतरी धुतलेत, मावशी."

"या रेघा कसल्या?"

"धातूच्या. गारगोटी लोखंडापेक्षा कठीण असते. तारेने घासलं तर दगडाला काही होत नाही, तारच झिजते आणि दगडावर उतरते."

"हौदावर तारेचा ब्रश नव्हता," मावशी म्हणाली. "आम्हाला हातसुद्धा लावू देत नसत. तारेचा ब्रश वर गुहेत असायचा. खोदणाऱ्यांकडे. मातीने माखलेल्या थाप्या खरवडायला."

वर खिडकीतून कुणाची तरी पावलं गेली, मागून दुसरी. मावशी खणावर आणखी खाली वाकली, इतकी की मॅडमना वाटलं तिला चक्कर येते आहे. ती दगड बघत होती. आडवं घासलेलं. धारेवर आडवं. एका जागी तर चांगलं पाचसहा वेळा, जोर लावून, काही केल्या माती निघेना तेव्हा घाबरून घासावं तसं. शनिवारच्या आत. अंधार पडायच्या आत.

"किती वाईट घासलंय," ती म्हणाली.

येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. दोन थांबे गेल्यावर मावशीच म्हणाली, "बाह्या ओल्या होत्या त्याच्या. इथपर्यंत." तिने स्वतःच्या कोपराला हात लावून दाखवलं. "मी तोंड फिरवलं."

मॅडमनी त्या खणातला एक दगड तपासायला पाठवला होता. खाचेत माती होती, म्हटलं बघू. मावशीने त्याचं नाव काढलं नाही. पण टपालाची गाडी आली की केटली तिच्या हातात जरा जास्तच वेळ राहायची. शेवटी एका संध्याकाळी सून घरी आली ती पदराने घाम पुसत थेट स्वयंपाकघरात.

"आई, त्या दगडावर चरबी सापडली."

मावशी उभी राहिली.

सुनेला आपण सुरुवात चुकीची केली हे कळलं, पण आता मागे घेता येईना. "जनावराची नाही," ती म्हणाली. "साबणाची. साबण आणि लोखंड. बाकी काही नाही."

मावशी हळूहळू खाली बसली. तिचे खांदे हलायला लागले. सून पाण्याचा पेला घेऊन धावली, तर सासूबाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि हसत होत्या.

"साबण! हौदावर साबण कधी चालतो का? एवढी वर्षं वर खोदत होता, एवढंही माहीत नाही त्याला! आणि कपड्याच्या साबणाची अख्खी वडी गेली होती त्या आठवड्यात. मी शेजारणीचं नाव घेतलं. तिच्याशी भांडले. हा तिथेच बसून ऐकत होता!" तिने पदर तोंडाला लावला. हसू कुठे संपलं ते सुनेला कळलं नाही. "मला एकदा तरी म्हणायचं ना गं. एवढी वर्षं मी त्याला बोलत होते. एकदा तरी म्हणायचं, की मी तुझे दगड धूत होतो."

"म्हणाले असते तर तुम्ही काय केलं असतंत?"

मावशीने विचार केला. खरंच विचार केला, खोटं उत्तर द्यायचं नाही म्हणून.

"फळीखालून ट्रे काढला असता," ती म्हणाली, "आणि सगळे परत घासले असते."

सुनेने चहा टाकला. मांडणीवरून कप काढले, सकाळी तिनेच घासलेले. एकाच्या कानापाशी चहाची तपकिरी कड राहिली होती. तिने तो पटकन मागे सरकवला आणि दुसरा घ्यायला लागली.

"असू दे," मावशी म्हणाली. "तोच दे मला."